जांभळ्या फुलांचे तळे

बाळांनो, दोन जंगलांच्या सीमेवर एक डोंगर होता. डोंगरावरच्या तळ्याकाठी एक गवा आपल्या कळपासह राहत असे. त्या तळ्यातून निघालेला ओढा पलीकडच्या जंगलातल्या तळ्याला मिळे. तिथे एक पाणमांजर आपल्या दोन पिल्लांना वाढवीत होती.

एका हिवाळ्यात दूर देशाहून बदके आली. एका बदकाच्या पायाला चिकटलेला कोवळा अंकुर वरच्या तळ्यात पडला. ती जलपर्णी होती. तिला जांभळी फुले आली, तेव्हा गवा हरखून गेला. पण जलपर्णी भराभर पसरली आणि ओढ्यातून खालीही वाहत गेली. पाणमांजर दिवसभर ती उपटी. सकाळी पुन्हा नवी आलेली असे. शेवटी ती डोंगर चढून गव्याकडे गेली. "दादा, मी खालून उपटते, तुम्ही वरून उपटा. नाहीतर माझं तळं बुजून जाईल."

"तुझं तळं तुझ्या जंगलात," गवा म्हणाला. "त्यासाठी माझा कळप कशाला राबेल?"

थोड्याच दिवसांत खालचे पाणी पूर्ण झाकले गेले. पाणमांजरीच्या एका पिल्लाने सूर मारला, पण श्वास घ्यायला वर यावे तर फट सापडेना. तिने नखांनी पाने फाडली. पिल्लू हाती लागले तेव्हा ते निश्चल झाले होते.

उरलेल्या पिल्लाला घेऊन ती मोकळे पाणी शोधत वर आली, तर काठावर गवे हंबरत होते. गव्याचे वासरू हिरवळ समजून जलपर्णीवर उतरले होते. त्याचे पाय मुळांत गुंतले होते आणि ते बुडत चालले होते. पाणमांजर क्षणभर थांबली. मग पिल्लाला म्हणाली, "इथेच बस." तिने बुडी मारली, दातांनी मुळे तोडली आणि वासरू मोकळे केले.

गव्याने विचारले, "तुझी तर दोन पिल्लं होती ना?"

"एक गेलं."

गव्याची मान खाली गेली. "मी तुझं ऐकायला हवं होतं."

"आता ऐका," ती म्हणाली. "मला एकटीला जमलं नाही. तुम्हालाही जमणार नाही."

त्या दिवसापासून पाणमांजर मुळे तोडू लागली आणि गवे शिंगांनी जलपर्णी काठावर ओढून वाळवू लागले. जलपर्णी आपल्याच पायांना चिकटून आली हे बदकांना कळले, तेव्हा ती ओशाळली. "आमच्या देशात हिला खाणारे किडे आहेत, म्हणून ती आटोक्यात राहते. इथे हिला खाणारं कोणी नाही, हे आमच्या ध्यानातच आलं नाही." पुढे उडण्यापूर्वी ती एकमेकांचे पाय चोचीने साफ करू लागली आणि वाटेतल्या प्रत्येक तळ्यावर सावध करत गेली.

पाणी उघडे झाले, तरी अधूनमधून एखादा अंकुर दिसतोच. ज्याला दिसेल तो सीमेपलीकडे हाक देतो. आणि पिल्लू बुडी मारते तेव्हा त्याचे डोके वर येईपर्यंत पाणमांजर काठावरून हलत नाही.

तात्पर्य : जे संकट सीमा मानत नाही, ते सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून आणि वेळेवरच रोखावे लागते, उशिरा आलेली समज गेलेला जीव परत आणत नाही.