बुरडिणीच्या पाच राण्या

फार फार वर्षांपूर्वी, राजे अजून स्वतःच्या हातानं आंबे उतरवून खात, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाची मोठी आमराई होती. एकदा फांदीला हात घालताना त्याला तांबड्या मुंग्या कडकडून चावल्या. राजाच तो! बोट सुजलं म्हणून त्यानं आमराईतली मुंग्यांची एकूण एक घरटी टेंभ्यांनी जाळून टाकली.

मुंग्या गेल्या आणि किडीला रान मोकळं झालं. पुढच्या साली मोहोर गळाला, त्याच्या पुढच्या साली पानं करपली. आपलं चुकलं म्हणायचं सोडून राजानं झाडांवरच राग काढला. "दसऱ्याला कुऱ्हाड घाला," तो म्हणाला. आमराईच्या कडेला चाळीस घरांची वाडी होती आणि तिचं सगळं पोट त्या आंब्यांवर होतं.

त्या वाडीत येसू नावाची बुरडीण राहायची. येसूच्या टोपलीतून पाणीसुद्धा विचारून गळतं, असं लोक म्हणत, आणि येसू ते कधी नाकारत नसे. ती थेट राजापुढे गेली.

"महाराज, मुंग्या परत आणल्या तर झाडं ठेवाल?"

राजा हसला. "दसऱ्याला माझ्या डोळ्यांना दिसल्या तर ठेवीन."

पावसाळ्यात उघडीप पडली की पलीकडच्या जंगलातून राणीमुंग्या उडत. येसू त्या शोधत फिरू लागली. पंखवालीला ती हात लावत नसे, तिचं लग्न अजून व्हायचं असे. पंख झाडून टाकलेली, जाड हिरवं पोट ओढत एकटीच जागा धुंडाळणारी दिसली की ती येसूची. अशा वीस राण्या तिनं जमवल्या. एकेकीला बांबूच्या पोकळ पेरात ठेवलं आणि तोंडाला ओल्या शेवाळाचा बोळा लावला.

चार दिवसांत अंडी दिसली आणि येसूला आभाळ ठेंगणं झालं. येईल त्याला ती बोळा काढून दाखवी. सकाळी शेजारीण, दुपारी पाहुणे, संध्याकाळी पुन्हा ती स्वतः. वर मायेनं गुळाचा खडाही आत टाकी. आठ दिवसांत गुळाला बुरशी आली, घाबरलेल्या राण्यांनी आपलीच अंडी खाल्ली आणि एकेक करून साऱ्या मेल्या. येसू ओक्साबोक्शी रडली.

वाडीतली म्हातारी सुईण तिच्याजवळ येऊन बसली. "बाई गं, बाळंतिणीच्या खोलीचं दार कुणी दिवसातनं दहादा उघडतं का?"

"पण ती खाईल काय?"

"उडायचं बळ अजून तिच्या अंगात आहे की! त्याच्यावरच ती पहिली लेकरं वाढवते. तू नुसती गप बस."

श्रावण सरत आला होता. या खेपेला कशाबशा पाच राण्या मिळाल्या. येसूनं पाच पेरं माळ्यावरच्या अंधारात ठेवली आणि खाली बसून टोपल्या विणू लागली. हात शिवशिवत, जीव वर ओढ घेई, पण ती शिडीला शिवली नाही.

दसरा पंधरा दिवसांवर आला तेव्हा माळ्यावरच्या पेरांची खबर लागून राजा शिपायांसह दारात उभा राहिला.

"माळ्यावरचं खाली आण. उघडून दाखव."

"नाही दाखवणार, महाराज."

राजाचे डोळे लाल झाले. "मुंगीला पंख फुटले म्हणायचे!"

"फुटतात, महाराज. पण जिला घर वसवायचं असतं, ती आपले पंख आपणच झाडते आणि अंधारात बसते. तिला आज उजेड दाखवला तर तुमच्या आमराईला कुणी उरणार नाही. शिडी चढायची असेल तर आधी मला बाजूला करावं लागेल."

ती शिडीला पाठ लावून उभी राहिली. मागून सुईण आली, मग सारी वाडीच येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. राजाला जन्मात कुणी नाही म्हटलं नव्हतं. "दसऱ्याला बघतो," एवढंच बोलून तो वळला.

दसऱ्याच्या सकाळी कुऱ्हाडी आल्या. येसूनं पाचही पेरं आंब्याच्या खोडाला बांधली. आत काय आहे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तरी ती मान ताठ ठेवून उभी राहिली.

ऊन वर चढलं. एका बोळ्याला आतून बारीक भोक पडलं आणि तिळाएवढी तांबूस मुंगी बाहेर आली. मग दुसरी, मग तिसरी. पाचांतल्या तीन पेरांतून मिळून जेमतेम वीस-बावीस मुंग्या फांदीकडे निघाल्या.

"एवढ्याशाच?" राजा म्हणाला.

"दिसल्या ना, महाराज?"

राजानं शब्द पाळला. कुऱ्हाडी परत गेल्या. तिसऱ्या वर्षी आमराईत जागोजाग पानं शिवलेली घरटी लोंबत होती आणि मोहोर टिकला. पहिल्या आंब्यांची पाटी राजानं येसूच्या घरी पाठवली नाही, स्वतः घेऊन आला.

"इतक्या मुंग्या तू वाढवल्यास तरी कशा?"

"वाढवल्या त्यांच्या आयांनी," येसू अभिमानानं म्हणाली. "मी फक्त कुणाला हात लावू दिला नाही. मला स्वतःलासुद्धा."

तात्पर्य: जे वाढावंसं वाटतं त्याची राखण करावी, सारखी तपासणी करू नये.