नऊ मिरच्यांचं चिंचवणी

डोळे पुसा आणि आधी हा गुळाचा खडा चाटा. पाणी पिऊ नका, पाण्यानं जास्तच झोंबतं. शहरातली माणसं ऐकत नाहीत, तांब्या रिकामा करतात आणि मग माझ्याकडे असं बघतात की जणू मीच त्यांच्या जिभेवर निखारा ठेवला. खापरटेकच्या डोंगराईच्या जत्रेत ही पंगत देवळाच्या पायऱ्यांवरच बसते. पानात ज्वारीची भाकरी, द्रोणात चिंचवणी आणि शेजारी गूळ, एवढंच. जरा तिखट कमी करा, असं दर जत्रेत कोणीतरी सांगतंच. आम्ही ऐकून घेतो आणि कमी करत नाही. का करत नाही ते सांगते, तोवर तुमची भाकरी खाऊन होईल.

गावात घरोघरी हे असंच होतं. ओंजळभर चिंच कोमट पाण्यात भिजवायची, हातानं कोळून चोथा काढायचा. तेलात मेथ्या तांबूस झाल्या की त्यावर कोळ ओतायचा, लिंबाएवढा गूळ घालायचा, मीठ घालायचं, आणि सुक्या मिरच्या भाजून वाटून घालायच्या. पळीला धरेपर्यंत उकळायचं. मिरच्या नऊ. मी इथं सून होऊन आले तेव्हा सासूनं त्या माझ्यासमोर एकेक मोजून दिल्या. मला वाटलं, बाई चिकट दिसतेय. पुढं कारण कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

फार मागं, म्हणे, या भागात तीन वर्षं पाऊस फिरकलाच नाही. तेव्हा गावात धोंडाई नावाची बाई होती. नवरा पहिल्याच वर्षी तापानं गेलेला, घरात ती आणि पाच वर्षांची लेक सगुणा. ज्वारी मूठ-मूठ पुरवून खायची. चिंचेच्या झाडांना मात्र दुष्काळाचं काही वाटत नाही, ती तेव्हाही लगडलेली होती. धोंडाई चिंचवणी जाळ तिखट करायची, कारण तिखट खाल्लं की पाणी जास्त प्यायलं जातं आणि अर्ध्या भाकरीत पोट भरल्यासारखं होतं. पोर खाता खाता रडायची. मग आई तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. त्या दिवसांत ती गूळ कुठून आणायची देव जाणे.

तिसऱ्या उन्हाळ्यात ज्वारी संपली. त्या सुमारास गोदाकाठी, गंगथडीकडे निघालेलं एक तेली जोडपं देवळात मुक्कामाला होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पोरीचे हातपाय बघून त्या बाईला राहवलं नाही, पाऊस पडेपर्यंत हिला आम्ही सांभाळतो म्हणाली. माणसं चांगली होती, असंच सगळे सांगतात. धोंडाईनं एक दिवस विचार केला आणि लेक त्यांच्या गाडीत बसवली. निघताना शेवटच्या पिठाची भाकरी करून तिला चिंचवण्याबरोबर भरवली आणि म्हणाली, "पाऊस पडला की न्यायला येते. तू लहान हाईस, गावाचं नाव इसरशील, माझं तोंड बी इसरशील. ही चव तेवढी इसरू नको."

पुढच्या वर्षी पाऊस पडला. धोंडाई आठ दिवस चालत नदीकाठी गेली. तिथं पटकीची साथ येऊन वस्तीच उठली होती. तेली पुढं कुठं गेले हे कोणाला सांगता येईना. चार महिने गावं धुंडाळून ती परतली आणि देवीसमोर नवस बोलली, की लेक भेटेपर्यंत जत्रेला येणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्या हातचं चिंचवणी वाढीन. बाईमाणूस जन्मात एकदा तरी डोंगराईला येतंच, असा तिचा भरवसा होता.

सुरुवातीला दहा-पंधरा जणी बसायच्या. धोंडाई वाढायची आणि प्रत्येकीला माहेर विचारायची. पण खाणाऱ्यांना ठसके लागायचे, लेकरं रडायची, पानं तशीच टाकून माणसं उठायची. तेव्हा शेजारच्या कोंडाबाईनं तिला समजावलं. देवीच्या दारातून कोणी उपाशी जाऊ नये, एखादी मिरची कमी घाल, असं ती म्हणाली. ही कोंडाबाई आमच्याच घराण्यातली, सासूच्या सासूच्याही मागची. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. धोंडाईलाही ते पटलं. त्या वर्षी तिनं आठ घातल्या. मग कोणाच्या म्हाताऱ्यासाठी सात, कोणाच्या बाळंतिणीसाठी सहा. गूळ वाढत गेला. बारा-तेरा वर्षांत दोन मिरच्यांवर आलं आणि चिंचवणी असं काही नामी व्हायला लागलं, की लोक देवीच्या आधी पंगतीची चौकशी करायचे. पायऱ्या भरून रांग खाली ओढ्यापर्यंत जायची. धोंडाईचा हात रिकामा होईना. माहेर विचारायचं मागं पडलं. चव ओळखून लेक आपण होऊनच बोलेल, असं तिनं मनाशी धरलं.

अशाच एका जत्रेत कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई पंगतीला बसली. धोंडाईनं तिला वाढलं. तिनं मागून घेतलं, धोंडाईनं पुन्हा वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली. शेजारी कोंडाबाई बसली होती. कसं झालंय, असं तिनं कौतुकानं विचारलं. त्या बाईनं उत्तर दिलं ते आमच्या घरात अजून जसंच्या तसं सांगतात.

"ग्वाड झालंय, मावशी. पर माझ्या आईचं असं नव्हतं. ते खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, मग आई हातावर गूळ ठेवायची. तिचं तोंड आठवत न्हाई मला, एवढंच आठवतं. म्हणून जत्रा दिसली की खाऊन बघते. हितलं बी बघून झालं."

कोंडाबाईला तेव्हा काही उमजलं नाही. कधीकाळी त्या चिंचवण्यात नऊ मिरच्या होत्या, हे तीसुद्धा विसरली होती. संध्याकाळी पातेली घासताना तिनं सहज ते धोंडाईला सांगितलं. धोंडाईच्या हातातली राख तशीच राहिली. ती उठून पळत सुटली. पायथ्याला तीन रस्ते फुटतात, तिन्हींवर गाड्यांची धूळ उडत होती. कुठल्या रस्त्यानं जायचं ते तिला कळेना. ती एकात शिरायची, परत यायची, दुसऱ्यात शिरायची. अंधार पडल्यावर कोंडाबाईनं तिला हाताला धरून घरी आणलं.

पुढच्या जत्रेपासून धोंडाईनं नऊ मिरच्या घातल्या आणि पानाशेजारी गूळ ठेवला. लोक कुरकुरले, रांग आटली. धोंडाई तरी बारा वर्षं पंगतीला वाढत राहिली. सगुणा आली नाही. कशी येणार? इथलं तिनं चाखून बघितलं होतं. ती दुसऱ्या जत्रांमध्ये आईला शोधत असणार. मला सगळ्यात जास्त हेच लागतं, की दोघी एकमेकींना शोधत होत्या आणि आमच्या शहाणपणानं त्यांची गाठ चुकवली.

धोंडाई याच पायऱ्यांवर गेली. जाताना कोंडाबाईला म्हणाली, "मिरची कमी करू नका. आन् इचारत जा."

म्हणून आजही आमच्या घरची बाई पळी घेऊन उभी राहते, आणि मागं कितीही रांग असली तरी पानावरच्या प्रत्येकीला विचारते. सगुणा जाऊनही पिढ्या झाल्या असतील, हे आम्हाला कळत नाही असं नाही. पण तिच्या कडेवर मूल होतं. त्या मुलाला तिनं ती चव सांगितली असेल, त्यानं त्याच्या लेकीला.

भाकरी आणखी वाढते, घ्या. आणि सांगा, बाई, तुमच्या आईचं माहेर कुठलं?