गेरूची खूण

नदीकाठी एक जुनं शहर होतं आणि तिथे एक राजा राज्य करत होता. राजा बरा होता. म्हणजे त्याला अधूनमधून पायी फिरायची सवय होती. एकदा घाटावर त्याला दिसलं, की बायका ज्या दगडावर कपडे आपटताहेत त्याला सोंड आहे. कुठल्याशा पडलेल्या दरवाजावरचा तो हत्ती होता. कुठला दरवाजा, कधी पडला, कोणी पाडला, हे दरबारात एकालाही सांगता येईना. सगळे माना खाली घालून उभे. माना खाली घालण्यात दरबार पटाईत होता.

राजाने जुन्या बांधकामांची पारख असलेल्या अंताजीपंतांना बोलावलं. "शहरातली एकेक जुनी वास्तू तपासा," तो म्हणाला. "मजबूत असेल तिला चुन्याची खूण करा. ती कोणी पाडायची नाही. जी खरोखर कोसळायला आली असेल तिला गेरूची. ती मालकाने उतरवून घ्यावी. तुमचा शब्द अखेरचा."

अंताजीपंत कडक माणूस. त्यांची रीत साधी होती. भिंतीवर लाकडी हातोडा मारायचा आणि कान लावायचा. भिंत भरीव असली तर आवाज खणखणीत येई, पोकळ असली तर बद्द. मालक कुरकुरला, की पंत त्याचाच कान भिंतीला लावायला सांगत. "ऐका. मी नाही, ती बोलतेय." मागे बघ्यांचा घोळका असेच. हळूहळू सगळ्या शहराला तो आवाज ओळखता येऊ लागला.

पेमाशेट कापडवाल्याच्या घरापुढे नक्षीची एक कमान होती. ती पाडून त्याला दुकानं काढायची होती.

"पंत, कमान हलते हो. परवा माझी म्हैस थोडक्यात वाचली."

"म्हैस कमानीखाली बांधली कोणी?"

"पण जुनं झालं म्हणजे जायचंच की!"

"मग तुमच्यापासून सुरुवात करू या, शेट. साठी उलटली ना?"

लोक हसले. पेमाशेटने कान लावला, आवाज ऐकला आणि मुकाट्याने चुन्याची खूण करू दिली.

शेवटी उरला तटबंदीचा एक तुकडा आणि त्यातला वाकून जावं लागेल असा लहान दरवाजा. तो नेमका पंतांच्या घरासमोर होता. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

"अहो," त्यांची बायको सगुणाबाई म्हणाली, "नवरदेव घोड्यावरून उतरून वाकत वाकत येणार का? व्याही काय म्हणतील? गावभरच्या भिंतींची काळजी तुम्हाला. घरच्या माणसांची कधी करायची?"

दुसऱ्या दिवशी पंतांनी तटावर हातोडा मारला. आवाज खणखणीत आला. मागच्या घोळक्याने तो ऐकला. पंतांनी कान लावलाच नाही. त्यांनी गेरूचं भांडं मागवलं आणि खूण केली. घोळका आपापल्या घरी गेला.

पुढची सकाळ उजाडली ती लाल. लोकांनी आपापल्या भिंतींवरचा चुना पुसून गेरू फासला होता. पेमाशेटच्या कमानीवर तर कुदळी चालू झाल्या होत्या. पंत धावत गेले.

"शेट, थांबवा! कमान भरीव आहे. तुम्ही स्वतः ऐकलंय!"

"काल तुमच्या दारची भिंतही ऐकली की," पेमाशेट म्हणाला. "तुमच्या घरी लग्न, माझ्या घरी दुकान. चालायचंच, पंत."

पंतांकडे राजाचा हुकूम होता, शिपाई होते. बोलायला तोंड तेवढं नव्हतं. दुपारपर्यंत कमान खाली आली.

पंत घरी आले. भर रस्त्यात बसून त्यांनी आपला गेरू घासून काढला आणि तिथे चुना लावला.

"आणि वरात?" सगुणाबाईने दारातून विचारलं.

"उतरेल घोड्यावरून."

लग्नाच्या दिवशी नवरदेव मुंडावळ्या सावरत वाकला आणि दरवाजातून आत आला. व्याही म्हणाले, "पंत, आम्हाला नमस्कार करायच्या आधी दगडाला करायला लावलात!"

"दगड आपल्या दोघांहून वडील आहे," पंत म्हणाले.

गावाने हेही पाहिलं. भिंतींवरचा गेरू पुसला जाऊ लागला. कोणाला सांगावं लागलं नाही.

काही महिन्यांनी राजा पंतांना बरोबर घेऊन फिरत आला आणि पेमाशेटच्या नव्या दुकानापाशी थांबला. "इथे कमान होती ना?"

"होती," पंत म्हणाले. "मी पाडली."

पेमाशेट चपापला. "महाराज, कुदळ माझी होती."

"कुदळ शेटची," पंत म्हणाले. "मुभा माझी."

राजाने खाली पाहिलं. दुकानाच्या पायरीच्या दगडावर अर्धं कमळ होतं. गिऱ्हाइकं त्यावर पाय पुसून आत जात होती.

"हत्तीचं कोणालाच सांगता आलं नाही," राजा म्हणाला. "या कमळाचं तरी सांगता येऊ दे. कोणी पाडलं, ते इथेच कोरा."

पंतांनी पाथरवटाला बोलावून आपलं नाव सांगितलं. पेमाशेटचं दुकान छान चालतं. गिऱ्हाइकं आता कमळावर आणि नावावर, दोन्हींवर पाय पुसतात.

तात्पर्य: नियम राखणाऱ्याने तो आधी आपल्या दाराला लावावा. त्याने स्वतःला एक सूट दिली, की सारं गाव तीच सूट मागतं; आणि चूक सुधारली, तरी पडलेलं पुन्हा उभं राहत नाही.