एक रात्र कमी

“म्हंजे खोली घेतली, किल्ली घेतली, आन् झोपायला गेलाच न्हाईस?”

वाकळबाबानं सुई हवेतच धरली.

“नेहमी नाही, बाबा. कधी कधी.” सुकुमार मगदूमनं मनगट वळवून घड्याळ बघितलं. साडेतीन. “वर्षअखेर आली आणि रात्री कमी पडल्या की सगळेच करतात. सहीपुरतं जायचं, किल्ली घ्यायची, मागच्या दारानं निघायचं. रात्र नावावर लागते.”

“आन् पलंग?”

“पलंग रिकामा.”

“कुणीच न्हाई त्याच्यावर?”

“कुणीच नाही.”

“मग ती रात्र कुणी काढली रं? तू, का पलंगानं?”

मगदूम हसला. हसला म्हणजे नुसते ओठ हलले. डोळे पुन्हा घड्याळावर.

आंबा घाटाच्या माथ्यावर, रस्त्याला चिकटूनच बाबाचा मठ. मठ आपला म्हणायला. एक लांबडी धर्मशाळा, एक चूल, आणि एक म्हातारा. देवाला हात जोडण्यापेक्षा चिंध्यांनाच ज्यानं जास्त हात लावला असला म्हातारा. लोक जुनी लुगडी, जुनी धोतरं आणून टाकायचे. बाबा त्यांच्या वाकळा शिवायचा आणि वाटसरूंना पांघरायला द्यायचा. शिक्षण म्हणाल तर एकदा अंगठा उठवायची वेळ आली, तेव्हा यानं पायाचा पुढं केला. साहेब चिडला, तर म्हणे, “हातात सुई हाय, दिसत न्हाई व्हय?”

मगदूम कोल्हापूरचा. दवाखान्यांना मोठाली मशिनं विकायचा. महिन्यातले वीस दिवस गाडीत. बूट असे चकचकीत की कोंबडी त्यात स्वतःला बघून लाजेल. आणि पाकिटात हॉटेलचं एक काळं कार्ड. घरातल्या देव्हाऱ्याला कुलूप नव्हतं, पण त्या कार्डाला चेनचा कप्पा होता.

खरं तर तो पाचच मिनिटं थांबणार होता. बायकोनं, पद्मजानं, तीन आठवड्यांमागं जुन्या साड्यांचं बोचकं गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. “घाटातून जाल तेव्हा बाबांकडं टाका.” तीन आठवडे ते डिकीतच फिरलं. आज निघताना ती एवढंच म्हणाली, “बोचकं आज तरी टाका.”

तो टाकून पळणार, तर बाबानं पायच आडवा घातला.

“बस. बोचकं सोडीपतूर देणाऱ्यानं बसायचं. हितली रीत हाय. बायका पदराला काय काय बांधून इसरत्यात. किल्ली, अंगठी, देवाचा अंगारा. सापडलं की ज्याचं त्याला. मागनं मी चोर नको.”

“बाबा, मला सातच्या आत रत्नागिरीला पोचायचंय.”

“दवाखाना जळतोय का कुणाचा?”

“नाही, हॉटेल...”

“हॉटेल जळतंय?”

आणि अशी सगळी गोष्ट निघाली.

राजमुद्रा नावाची हॉटेलं. गावोगाव. तिथं जितक्या रात्री राहाल तितके तुम्ही वर चढणार. आधी चांदी, मग सोनं, मग हिरा. आणि वर्षात पंच्याहत्तर रात्री भरल्या की कोहिनूर. त्याच्यावर काही नाही. मगदूम तीन वर्षं कोहिनूर होता.

“यंदा चौऱ्याहत्तर झाल्यात,” तो म्हणला. आवाज असा, जसा काय नाडी लागत नाही म्हणून सांगतोय. “आज एकतीस डिसेंबर. एक रात्र कमी आहे, बाबा. एकच.”

“मग घे की किल्ली आन् पळ मागच्या दारानं.”

“आता ते चालत नाही. यंदापासून नियम केला. सातच्या आत हजेरी, आणि सकाळी नाश्त्याला बसून सही. सही नाही, तर रात्र नाही.”

“श्याना निघाला म्हनायचा हॉटेलवाला.” बाबाला भारीच आवडलं ते. “आन् एक कमी पडली तर?”

“सरळ सोन्यावर आणतात.”

“सोन्यावर! आरारारा...” बाबानं कपाळाला हात लावला. “मानसानं तोंड कुठं दावायचं?”

मगदूमला कळेना, हा म्हातारा हळहळतोय का चेष्टा करतोय. त्यानं घड्याळ बघितलं. पावणेचार.

बाबा गाठ सोडत होता. म्हणजे सोडल्यासारखं करत होता. एक पीळ काढायचा, दुसरा घालायचा.

“कोहिनुराला काय देत्यात रं?”

“वरच्या मजल्यावरची मोठी खोली. दुपारी चारपर्यंत कुणी उठ म्हणत नाही. टेबलावर दोन सफरचंदं. आणि चिठ्ठी.”

“चिठ्ठीत काय?”

मगदूमची मान जरा ताठ झाली. “‘मगदूमसाहेब, आपल्या घरी पुन्हा स्वागत.’”

“घरी?”

“तसं लिहितात.”

“मग घरी काय लिवत्यात?”

“घरी... घरी कोण चिठ्ठी लिहितं, बाबा?”

हे बोलताना त्याला मागच्याच महिन्यातली गोष्ट आठवली. आठ दिवसांनी घरी आला होता. बायको माजघरात. हा झोपायच्या खोलीत शिरला आणि अंधारात कार्ड घेऊन भिंत चाचपत राहिला. हॉटेलात भिंतीतल्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवा लागत नाही ना, ती खाच शोधत होता. आपल्याच घरात. मागनं पद्मजा आली. तिनं बटण दाबलं. कार्डाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि काही न बोलता दुधाखालचा गॅस बारीक करायला गेली.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

“आमच्याकडं बी हाय तुझ्यासारखं,” बाबा म्हणला.

“काय?”

“रात्री मोजायचं. पैल्यांदा आला त्याला चुलीपाशी जागा, जाड वाकळ. दुसऱ्या खेपंला आला की भिंतीकडं सरकायचं. पाच-सात खेपा झाल्या की झाडलोट. धा झाल्या की दारापाशी निजायचं, वारं लागतंय तितं.”

“म्हणजे जुन्या माणसाला वाईट जागा? उलटं झालं हे.”

“त्याला ठावं असतं की थंडी किती आन् कुठनं येती. नव्याला कुठं ठावं?”

“आणि तुम्ही? चाळीस वर्षं झाली असतील तुम्हाला.”

“मी व्हय?” बाबानं सुईनं बाहेरचा उघडा कट्टा दाखवला. “माझा कोहिनूर तितं हाय.”

मगदूमनं कट्ट्याकडं बघितलं. दोन दगड, एक पोतं. तो उठून उभा राहिला.

“बाबा, गाठ सोडा हो. घाट उतरायचाय. पुढं ट्रक आडवा झाला तर मेलोच मी.”

“सोडतो की. पर मला एक सांग. तीन वर्सं हायस की तू वरच्या मजल्यावर. बायकूला न्हेलंस कधी?”

“न्यायचंय ना! त्याच्यासाठी तर चाललंय.” मगदूम एकदम मोकळा झाला. “कोहिनूरवाल्याला दर वर्षी दोन रात्री फुकट मिळतात. उदयपूरला, तळ्याकाठची खोली. जोडीनं. पद्मजाला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय मी.”

“गेलासा?”

“पहिल्या वर्षी जमलं नाही. दुसऱ्या वर्षी...”

“काय झालं?”

“फुकटच्या रात्री मोजणीत धरत नाहीत, बाबा. उदयपूरला दोन दिवस घालवले की तेवढ्या दोन रात्री इकडं कमी पडतात. म्हटलं, आधी यंदाचं भरू दे, मग निवांत जाऊ.”

“आन् भरलं की?”

“भरलं की जानेवारी लागतो. पुन्हा शून्यापासून.”

बाबानं गाठीचा एक पीळ काढला.

“पण यंदाच्या दोन अजून शिल्लक आहेत,” मगदूम घाईनं म्हणला. “जानेवारीअखेरपर्यंत चालतात.”

बाबा त्याच्याकडं बघत राहिला, वाळत घातलेलं धोतर अजून ओलं आहे का बघावं तसा.

“म्हंजे जे वापरशील ते मोजत न्हाईत. आन् जे मोजत्यात ते तू वापरत न्हाईस...”

गाठ सुटली.

वरची साडी सुती, फिक्कट. बाबानं गालाला लावली. पदर चाचपला. “ही झिजलीया. गुनाची हाय.” बाजूला ठेवली. दुसरी कोपऱ्यात फाटलेली. “ह्या साडीनं लई भांडी उतरवली असणार चुलीवरनं.” तीही ठेवली. तिसरी, चौथी. एकेक साडी उजेडात धरायची, विरलेल्या जागेतून पलीकडचा डोंगर बघायचा, खूश व्हायचं. मगदूम दारात येरझाऱ्या घालत होता. सव्वाचार.

मग बाबाचा हात थांबला.

तळाशी कागदात गुंडाळलेली एक साडी होती. मोरपंखी. बारीक जरीचा काठ. घडी मोडलेली नव्हती. दुकानाची चिठ्ठी टाचणीनं तशीच लावलेली. खाली फॉल मात्र लावून ठेवलेला, हातशिलाईनं, अगदी बारीक टाक्यांत.

“ही कुणाची?”

“तिचीच. जुनीच असणार.”

“जुनी?”

बाबानं साडी उजेडात धरली. पलीकडचा डोंगर दिसला नाही.

मगदूम जवळ आला. हात लावायला गेला आणि हात तसाच राहिला.

पहिल्या वर्षी. दिवाळीच्या आधी. पद्मजा आरशापुढं उभी होती, ही साडी नुसती खांद्यावर टाकून. “अहो, तळ्याकाठी ही शोभेल ना?” तो फोनवर होता. त्यानं कानाचा फोन न काढता बोटानं ‘छान’ अशी खूण केली होती. साडीकडं न बघता.

त्यानं फोन लावला.

“पद्मजा... अगं, बोचक्यात चुकून एक नवी साडी आली. ती मोरपंखी.”

“चुकून नाही.”

“अगं, पण ती तर...”

“ठेवून ठेवून कसर लागते. वाकळेत तरी कुणाच्या अंगाखाली जाईल.” तिचा आवाज साधा होता, भाजी काय आणू विचारल्यासारखा. “तुम्ही पोचलात का?”

“नाही. अजून घाटात. ते दवाखान्याचं काम...”

“दवाखाना एकतीस तारखेला मशिनं घेत नाही, अहो.”

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाश्ता करून या निवांत. सहीचं विसरू नका.”

फोन बंद झाला.

मगदूम उंबऱ्यावर बसला. चकचकीत बूट धुळीत. गेल्या तीन वर्षांत त्यानं पहिल्यांदाच हॉटेलातल्या रात्री आणि तास-मिनिटं सोडून दुसरं काहीतरी मोजलं. तिनं बोचकं डिकीत ठेवलं त्याला एकवीस दिवस झाले होते. एकवीस दिवस ती वाट बघत होती. तो उघडून बघतोय का.

मागं कात्री वाजली.

बाबानं मोरपंखी साडी मांडीवर पसरली होती. कात्री काठाला लागलेली.

“कापू?”

“नको!”

“बायकूनं दिलीया की.”

“नको, बाबा... नका कापू.”

“तुला काय करायचीया? तू तर रत्नागिरीला निघालास. साडेचार झालं, बघ.”

पहिल्यांदाच बाबानं वेळ सांगितली, मगदूमनं नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं झडप घातली. पद्मजा नव्हती. हॉटेलातली मुलगी होती, आवाजात साखर.

“मगदूमसर, आपल्या आवडीची खोली तयार आहे. सफरचंदंही ठेवलीत. कितीला पोचताय, सर?”

मगदूमनं रस्त्याकडं बघितलं. डावीकडं घाट उतरत गेलेला, रत्नागिरीकडं. उजवीकडं कोल्हापूर.

“सर? एकच रात्र राहिलीय आपली...”

“हो.”

“मग सर, सातच्या आत...”

त्याच्या कपाळाला घाम आला होता. डिसेंबरातला वारा, आणि घाम.

“ताई,” तो म्हणला, “ती सफरचंदं तुम्हीच खा.”

त्यानं फोन खिशात घातला. लगेच पुन्हा काढला, बघितला, पुन्हा घातला. बाबापुढं येऊन तो उकिडवा बसला आणि दोन्ही हात पुढं केले, तीर्थ घ्यायला करतात तसे.

बाबानं कात्री खाली ठेवली. साडीची घडी घातली, होती तशीच, घडीवर घडी. टाचणी मात्र काढली आणि आपल्या मुंडाशाला खोचली.

“ही टाचणी माझी. रीत हाय.”

असली कुठलीही रीत नव्हती.

मगदूम साडी छातीशी धरून गाडीपर्यंत गेला. दार उघडलं. आत बसला नाही. परत फिरला.

“बाबा... ती दार उघडेल ना?”

बाबानं दोरा ओला केला. एक डोळा मिटला. सुईच्या नेढ्यातून ओवला. दातानं तोडला.

“बाबा, मी विचारतोय...”

“नेसून नेसून विरली की आण.”