तळवा मातीवर पडला की

गोदाकाठच्या सुरभीपुरात वसुमित्र राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका मल्लाच्या घरी जन्म घेतला होता. वडिलांमागे आखाडा त्यांच्याकडे आला आणि लोक त्यांना आचार्य धृतिसेन म्हणू लागले. आखाड्यातली तांबडी माती ते स्वतः चाळत, तीत तेल, ताक आणि हळद घालून मळत. सुरभीपुरातल्या कित्येकांचे अंथरूणही इतके मऊ नव्हते.

त्या आखाड्याचा एक रिवाज होता. खाली सापडलेल्याने उघडा तळवा मातीवर आपटला की वरच्याने पकड सोडायची. त्याच क्षणी सोडायची, का आणि कशाला ते नंतर. नव्या मुलाला आचार्य पहिला डाव शिकवण्याआधी हे शिकवत. हातांच्या हे इतके अंगवळणी पडे की डोक्याला विचारायची वेळच येत नसे. त्यामुळे तिथे कधी कुणाचे हाड मोडले नव्हते, आणि जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा आचार्यांना याचाच अभिमान जास्त होता.

नगराला मात्र हाडांचे कौतुक नव्हते. धृतिसेनांचा चेला कुठल्याही गल्लीतून निर्धास्त जाईल, असे लोक एकमेकांना सांगत. आचार्यांनी असे कधी म्हटले नव्हते, पण कुणी म्हटले तर ते नाकारतही नसत. स्तुती कानाला गोड लागते, मग तो कान बोधिसत्त्वांचा का असेना.

त्याच नगरात खेमा नावाची एक विधवा फुलांच्या माळा विकून घर चालवी. नंदिय हा तिचा एकुलता एक मुलगा. आखाड्यात त्याच्या तोडीचा मल्ल नव्हता आणि त्याच्याइतका मऊ मनाचाही कुणी नव्हता. कुस्ती जिंकली की हरलेल्याच्या पाठीवरची माती तो आपल्या हाताने झाडी.

एके दिवशी दिवेलागणीला मायलेक बाजार आटोपून बुरूडआळीतून घरी निघाले होते. पिंगळ नावाच्या भुरट्या चोराने खेमेचे मनगट धरले आणि तिच्या हातातले चांदीचे कडे ओढून काढले. नंदियाने फुलांची टोपली टाकली आणि त्याला असा आपटला की आळीतल्या बायका कामे सोडून दारात आल्या. पिंगळ पालथा पडला. नंदियाचा हात त्याच्या मानेभोवती आवळला गेला. तेव्हा पिंगळने उघडा तळवा जमिनीवर आपटला.

नंदियाने काही ठरवण्याआधीच त्याची पकड सुटली होती. पिंगळ झटकन वळला, कमरेची सुरी काढून त्याने नंदियाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चिरला आणि कडे घेऊन तो पसार झाला.

वैद्याने जखम शिवली. ती भरली, पण नगराला विषय मिळाला. नंदिय रस्त्यात दिसला की टवाळ पोरे तळवा जमिनीवर आपटून दाखवत आणि खो खो हसत. तो मान खाली घालून जाई. पुढे पुढे तो मान खाली घालेनासा झाला. त्या पोरांकडे तो नुसता बघे, आणि त्याचे ते बघणे खेमेला आवडत नसे.

हात बरा झाल्यावर तो आखाड्यात परतला. पहिलीच कुस्ती त्याचा मित्र उत्तर याच्याशी लागली. नंदियाने त्याला खाली घेतले, खांदा पिरगाळला. उत्तरने तळवा आपटला. पकड सुटली नाही. त्याने पुन्हा आपटला, मग ओरडला. शेवटी आचार्यांनी धावत जाऊन नंदियाची बोटे एकेक करून सोडवली. तोवर उत्तरचा खांदा निखळला होता.

नंदिय म्हणाला, "जो सोडतो तो मार खातो, आचार्य. ही सवय तुम्हीच लावलीत मला. आता पिंगळ सापडू दे, त्याचा श्वास थांबेपर्यंत मी सोडणार नाही."

तो निघून गेला. जाताना त्याने उत्तरच्या पाठीवरची माती झाडली नाही.

संध्याकाळी खेमा आली. आता ती दोष देईल, असे आचार्यांना वाटले, आणि दिला असता तर त्यांना बरेच वाटले असते. ती पायरीवर बसली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "कड्याचं काही नाही. त्याचा हातही बरा झालाय. पण आचार्य, तो घरात जेवतो-झोपतो, तरी तुमच्याकडे पाठवलेला माझा मुलगा अजून घरी आलेला नाही."

बोधिसत्त्वांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी शिष्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलावले आणि सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकले. आखाड्यात माती मऊ असते, समोर एकच असतो, त्याचे हात रिकामे असतात आणि थांब म्हणणारा गुरू शेजारी उभा असतो. गल्लीत यातले काहीच नसते. माझ्याकडे शरीर घडते, दम वाढतो, पडायची भीती जाते. गल्ली मात्र मी कुणालाच शिकवलेली नाही. शिकवली आहे असे तुम्हाला वाटत राहिले आणि मी वाटू दिले, ती चूक माझी.

खरे बोलण्याचे फळ लगेच मिळाले. नदीपलीकडे एक नवा गुरू अमोघ डाव शिकवतो म्हणून दवंडी पिटत होता. निम्म्याहून जास्त शिष्य त्याच्याकडे गेले. आचार्य उरलेल्यांसाठी माती चाळत राहिले.

मग ते नंदियाच्या दारी गेले. मला गल्ली शिकायची आहे, तू सोबत चल, असे त्यांनी त्याला सांगितले. गुरूला नाही कसे म्हणायचे, म्हणून तो गेला. रोज संध्याकाळी दोघे बुरूडआळीत जाऊन निरनिराळ्या प्रसंगांचा सराव करू लागले. हातात टोपली असताना काय होते, पाठीमागे भिंत असताना काय होते, आई सोबत असताना आधी कुणाचा हात धरायचा. आपल्या सर्वांत नावाजलेल्या डावात आचार्यांचा पाय ओल्या शेणावरून घसरला आणि ते मटकन खाली बसले. नंदिय हसला. कितीतरी दिवसांनी हसला. शेणात बसल्या बसल्या आचार्यांना इतका आनंद झाला की ते लवकर उठलेच नाहीत.

असे करता करता त्यांना कळून चुकले की गल्लीतले पहिले काम आजूबाजूला बघण्याचे आहे, दुसरे ओरडण्याचे आणि तिसरे पळण्याचे. मागितलेली वस्तू देऊन जीव वाचत असेल तर वस्तू द्यावी. डावाची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी पिंगळ समोर आला. मागे उभा असलेला नंदिय त्याला दिसला नाही. त्याने सुरी दाखवून आचार्यांची शाल मागितली. आचार्यांनी ती खांद्यावरून काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे, थंडी आहे." एवढ्यात पिंगळने नंदियाला ओळखले. घाबरून त्याने सुरी उगारली. नंदिय बाजूला झाला, त्याने पिंगळला पालथा पाडला आणि त्याचा हात पुन्हा त्याच मानेभोवती आवळला गेला.

पिंगळने तळवा जमिनीवर आपटला. पकड घट्ट झाली.

आचार्य धावले नाहीत. ते शेजारी मातीत बसले आणि त्यांनी हळूच विचारले, "नंदिय, सुरी कुठे आहे?"

नंदियाने पाहिले. ती पिंगळच्या दुसऱ्या मुठीत होती. मागच्या वेळी त्याने पाहिलेच नव्हते. त्याने गुडघा त्या मनगटावर दाबला, मूठ उघडली आणि आचार्यांनी सुरी उचलून गटारात टाकली. आता पिंगळच्या हातात काहीच नव्हते. त्याचा तळवा अजून आपटत होता, पण त्यातला जोर कमी कमी होत होता. मग तो नुसताच पडून राहिला.

तेव्हा बोधिसत्त्वांनी आपला म्हातारा तळवा पिंगळच्या तळव्याशेजारी ठेवला आणि त्याच्या वतीने जमिनीवर आपटला.

नंदियाचा हात उघडला. पिंगळ खोकत उठून बसला आणि नंदिय रडू लागला. रडता रडता त्याचा हात आपोआप पिंगळच्या पाठीवर गेला आणि तिथली माती झाडू लागला.

तो रिवाज तुला कसा ठाऊक, असे आचार्यांनी पिंगळला विचारले. तो म्हणाला, की लहानपणी कुंपणाच्या फटीतून बघायचो. आत कुणी बोलावले नाही. आचार्यांनी त्याला शाल पांघरली आणि उद्या सकाळी दारातून ये म्हणून सांगितले.

कडे केव्हाच विकले गेले होते. खेमेने त्याची चौकशीही केली नाही. उशिरा दारात आलेल्या मुलाचा चेहरा दिव्याच्या उजेडात बघून ती म्हणाली, "आलास?" आणि तिने पान वाढले.

त्यानंतर त्या आखाड्यात रिवाज तोच राहिला, फक्त त्यात एक गोष्ट वाढली. पकड सोडण्याआधी खालच्याच्या दुसऱ्या हाताकडे बघायचे, आणि तोही रिकामा दिसला की सोडायचे.

पुढे कैक जन्मांनंतर, वाटेत लुटल्या गेलेल्या एका भिक्षूने, करुणा हा दुबळ्यांचा मूर्खपणा तर नाही ना, असे विचारले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा नंदिय तूच होतास. आज पहाटे तुझी जखम ज्या उपासिकेने धुतली ती खेमा होती. पिंगळ म्हणजे तुला स्वतःचे चीवर देऊन उघड्या खांद्याने बसलेला हा द्वारपाल भिक्षू. आणि आचार्य धृतिसेन मीच होतो." डोळे उघडे ठेवून केलेली ही करुणेची साधना बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पूर्ण केली.