कोंबड्यांपुढचा राळा

दरवर्षी पेरणीआधी ही गोष्ट सांगायला मलाच उभं करतात. ऐकणारे माना डोलावतात आणि घरी जाऊन आपलंच खरं करतात. तरी सांगतो.

एक वृद्ध शेतकरी डोंगरात, चुनखडीच्या गुहेजवळ भातशेती करीत असे. त्याच्याकडे एक शिष्य शेती शिकायला राहिला होता. म्हातारा दरवर्षी चांगल्या जमिनीचा एक तुकडा राळ्याला देई. राळा म्हणजे कमी पाण्यावर येणारं बारीक धान्य. गावात ते आता कुणी खाईना. बी उरलं होतं फक्त म्हाताऱ्याच्या मडक्यात.

यंदा तो तुकडा पेरायचं काम शिष्याकडे आलं. मडकं घेऊन जाताना वाटेत एक व्यापारी भेटला. "काय रे, शेती करतोस की पाखरं पोसतोस?" शिष्याला ते झोंबलं. घरी येऊन त्याने मडकं कोंबड्यांपुढे ओतलं.

म्हाताऱ्याने पाहिलं. कोंबड्या हाकलल्या, गुडघे टेकले आणि मातीतून, शिटेतून एकेक दाणा वेचू लागला. ऊन डोक्यावर आलं तरी वेचतच होता.

शिष्य अवघडला. "बाबा, उठा आता. माझ्या जन्मापासून पाऊस चुकलेला नाही."

"वय किती तुझं?"

"चोवीस."

म्हाताऱ्याने ओटीवरचा कापलेला दगड आणायला लावला. गुहेत थेंबाथेंबाने वाढलेला सुळका होता तो. तपासायला आलेल्या विद्वानांनी अर्धा त्याला दिला होता.

"याच्या थराथरात त्या त्या काळच्या पावसाची खूण आहे, असं ते सांगून गेले. हा वीतभर भाग भरल्या पावसाचा. या बारीक रेषेवर बोट ठेव. इथे पाऊस तुटला. हळूहळू नव्हे, एका माणसाच्या हयातीत. दूर उत्तरेला बर्फ वितळून समुद्रात गेला, समुद्राने तिकडे ऊब नेणं सोडलं, तिकडे गारठा पडला आणि पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकला. पाऊस संपला नव्हता, आपल्याला सोडून गेला होता. तुझी चोवीस वर्षं या दगडात नखाएवढीही भरायची नाहीत. तेवढ्या भरवशावर तू मडकं ओतलंस."

शिष्याने त्या रेषेवर नख ठेवलं. रेष पुरती झाकली गेली.

तोही खाली बसला. संध्याकाळपर्यंत दोघांचं मिळून ओंजळभर बी जमलं.

"एवढ्या बियांत तुकडा पेरून होईल, बाबा?"

"कोपरा होईल. तुकडा पुढच्या वर्षी."

मडकं भरायचं ते चांगल्या वर्षीच. मीही तसंच भरलं, तेव्हा भर चावडीत मला वेडा म्हणणारा अजून माफी मागायला फिरकलेला नाही. त्याचं नाव यशवंत खोत.