देवदूताचे हात

"मग हे पंख काय शोभेला लावलेत?"

बस्त्याव मास्तरांनी असं विचारलं, तेव्हा फेलिक्स परांचीवर उभा होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

दफनभूमीतल्या चॅपेलची ही भिंत त्याने फादरकडून हट्टाने मागून घेतली होती. तिच्यावर एक देवदूत लहानग्या मुलीला उचलून नेत होता. मुलगी फेलिक्स आणि त्याची बायको रिटा यांचीच, लुसी. यंदा उन्हाळ्यात तापाने गेली.

"रोमँटिक काळातले चित्रकार देवदूत असाच काढायचे," फेलिक्स म्हणाला. "देवदूत म्हणजे दोन जगांमधला दरवाजा. पंख म्हणजे पलीकडे जाणं. हा चंद्र, हे ढग, वर लागलेले डोळे... तुम्हीच शिकवलंत की मला हे."

"शिकवलं. तेव्हा तुला मुलगी नव्हती."

"म्हणजे?"

"दरवाजा झकास आहे. त्याला मुलगी उचलता येत नाही, एवढंच."

फेलिक्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणापासून या माणसाकडे ब्रश धरायला शिकला, पण एकदा म्हणून शाबासकी नाही. आणि आज, लुसीच्या चित्रालाही नाही!

तो खाली उतरेपर्यंत म्हातारा दुसऱ्या बाजूने वर चढलासुद्धा. टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि देवदूताचे दोन्ही हात पुसून टाकले.

"मास्तर!"

फेलिक्सने खालून परांची गदागदा हलवली. म्हातारा पडला असता तरी त्या क्षणी त्याला वाईट वाटलं नसतं.

"परवा मृतांचा सण आहे! रिटा येणार आहे. कबरीकडे फिरकत नाही ती. फक्त हे चित्र बघायला येते म्हणाली... आता काय दाखवू तिला? काय खोट होती त्या हातांत?"

"भार नव्हता. उशी उचलावी तशी उचलली होती पोर."

"देवदूताला कसला आलाय भार?"

मास्तर सावकाश खाली उतरले.

"लुसीची पेटी कबरीपर्यंत कुणी नेली?"

...

गावात रीत होती. लहान लेकराची पेटी बापाने आपल्या हातांवर न्यायची. त्या दिवशी सगळे थांबले होते फेलिक्ससाठी. पण त्याने पेटीला बोटसुद्धा लावलं नाही. "तुमच्या देवाला हवी होती ना? मग त्यालाच न्यायला सांगा!" असं भर चर्चमध्ये फादरवर ओरडून तो घरी निघून गेला होता. रिटा तिथेच उभी होती.

"तुम्ही नेलीत," फेलिक्स दात खात म्हणाला. "साऱ्या गावाला माहीत आहे. तेच ऐकवायला आलात?"

"मी हात बघायला आलो. नाही जमले तुला."

"मग तुम्हीच काढा!"

"काढेन. पण ते माझे हात होतील. तुझी बायको कुणाचे बघायला येतेय?"

फेलिक्सने रंगाच्या डब्याला लाथ घातली. डबा भिंतीवर आपटला, पांढरा रंग फरशीवर पसरत त्याच्या चपलांपर्यंत आला. तो हलला नाही.

बाहेर कुणीतरी सणासाठी कबरींवरचं गवत काढत होतं. खुरप्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"मास्तर..."

"बोल."

"किती... किती जड होती?"

मास्तरांनी बोळा टाकला. दोन्ही हात कोपरात वाकवून पुढे धरले, त्या दिवशी धरले होते तसेच. हातांवर काही नव्हतं. तरी ते खांद्यापासून कापत होते.

"घे आता," ते खेकसले. "माझे हात भरून आले."